राहायला कॅन्सस, नोकरी मिझुरीत : परवान्याचं काय?

वाचकाचं पत्र

ताई, मी पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेतून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं. त्यानंतर मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात आठ वर्षं समाज विकास अधिकारी होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला आलो. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर बरेच दिवस घरी बसल्यावर आता माझं ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, आलं आहे. घरापासून पंधरा मिनिटांवर, पण मिझुरीच्या हद्दीत असलेल्या एका इस्पितळात सोशल वर्करची जागा निघाली आहे आणि तिथे परवाना मागतात. आमच्या मराठी मंडळात तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, नवा कायदा आलाय, आता एका परवान्यावर सगळ्या राज्यांत काम करता येतं. दुसरी म्हणाली, काही राज्यांनी परीक्षाच काढून टाकली आहे, तिथून परवाना घे. तिसरी म्हणाली, भारतातली डिग्री इथे कागदाचा कपटा, पुन्हा एमएसडब्ल्यू कर. कुणाचं ऐकू? आणि आणखी एक. ओळखीतली एक मुलगी नवऱ्याच्या त्रासाबद्दल माझ्याशी बोलायला येते. ती म्हणते, तूच माझं काउन्सेलिंग कर. करू का?

– एक वाचक, ओव्हरलँड पार्क

उत्तर

तुम्ही शेवटी लिहिलेलं मी आधी घेते. परवान्याचे कागद आठवडाभर थांबू शकतात, ती मुलगी कदाचित थांबू शकणार नाही.

तिचं काउन्सेलिंग करू नका. तिला घरी बोलवा, जेवू घाला, तिचं सगळं ऐकून घ्या, तिच्यावर विश्वास ठेवा. मैत्रीण म्हणून हे करायला कुठलाही परवाना लागत नाही. पण वेळ ठरवून 'सेशन' घेणं, त्याचे पैसे घेणं किंवा 'मी सोशल वर्कर आहे, माझ्यावर सोड' असं म्हणणं नको. परवाना नसताना स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घ्यायला तुमच्या राज्यात मनाई आहे. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तुमचं नाव तिच्याच विरोधात वापरलं जाईल आणि तुमचा अर्जही तिथेच अडेल. त्यात तुमचं मंडळ एवढंसं. गणपतीच्या आरतीला तिचा नवराही तुमच्या शेजारी उभा असणार. एकाच माणसाशी दोन नाती ठेवू नयेत हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं, आणि त्याचं कारण नेमकं हेच.

तिला घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर द्या : १-८००-७९९-७२३३. फोन नवऱ्याच्या नावावर असेल तर तिने तो तुमच्या फोनवरून लावावा. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ९८८. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती घराबाहेर कुठेतरी सुरक्षित ठेवायला सांगा. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या बायकांना माहीत असते. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि बायको एच-४ वर असताना त्याने छळ केला असेल, तर तिला नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या नावाने कामाच्या परमिटसाठी अर्ज करता येतो. कायद्यात तशी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी तिला इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं लागेल. हेल्पलाइनवाले मोफत किंवा कमी पैशांत काम करणारा वकील शोधून द्यायला मदत करतात. 'नवरा सोडला तर व्हिसा जाईल' या एका वाक्यावर कितीतरी बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. हे तिला आजच सांगा.

आता परवान्याकडे वळू.

अमेरिकेत सोशल वर्करचा परवाना दिल्लीसारखं कुणी एकच ठिकाण देत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, मंडळ वेगळं, पातळ्यांची नावंसुद्धा वेगळी. कॅन्ससमध्ये हे काम बिहेव्हिअरल सायन्सेस रेग्युलेटरी बोर्ड बघतं, मिझुरीत स्टेट कमिटी फॉर सोशल वर्कर्स. एमएसडब्ल्यूनंतरचा पहिला परवाना दोन्हीकडे एलएमएसडब्ल्यू. त्याच्या वरचा, स्वतंत्रपणे निदान आणि थेरपी करू देणारा क्लिनिकल परवाना मिझुरीत एलसीएसडब्ल्यू, तर कॅन्ससमध्ये एलएससीएसडब्ल्यू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायदा लागतो तो पेशंट जिथे आहे तिथला. तुम्ही राहता कॅन्ससमध्ये, पण रुग्ण मिझुरीच्या खाटेवर असेल तर परवाना मिझुरीचा हवा. व्हिडिओवर बोललात तरी हेच. दोन राज्यांच्या हद्दीवरचा स्टेट लाइन रोड ओलांडला की एका बाजूचा परवाना दुसरीकडे चालत नाही. कॅन्सस सिटीत दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी म्हणून वर्षानुवर्षं दोन परवाने, दोन फिया, दोन नूतनीकरणं सांभाळली आहेत.

मंडळातल्या पहिल्या गृहस्थांनी सांगितलेला 'नवा कायदा' याच दुखण्यावर आहे. त्याचं नाव सोशल वर्क लायसेन्शर कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्याराज्यांमधला करार. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने तोच मजकूर कायदा म्हणून मंजूर करायचा आणि सामील व्हायचं. २०२३ च्या जुलैमध्ये मिझुरीने पहिली सही केली. सात राज्यं झाल्याशिवाय करार अमलात येणार नव्हता. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅन्ससने तो आकडा पुरा केला. म्हणजे तुमच्या शहराची दोन्ही अंगं सुरुवातीपासून करारात आहेत. त्यानंतर आणखी बरीच राज्यं आत आली. या कामाला संरक्षण खात्याचा पैसा होता, कारण लष्करातल्या माणसांची दर काही वर्षांनी बदली होते आणि त्यांच्या नवरा-बायकोला प्रत्येक नव्या राज्यात परवान्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. बदलीच्या नोकरीवाल्यांचं हे दुखणं तुम्हाला समजावून सांगायला नको.

पण 'एका परवान्यावर सगळी अमेरिका' हे खरं नाही. करार नवा परवाना फुकटात देत नाही. तुमच्या घरच्या राज्याचा पूर्ण, डाग नसलेला परवाना आधीच तुमच्या हातात असेल, तर त्यावर बहुराज्य परवाना मागता येतो आणि तो फक्त सामील झालेल्या राज्यांत चालतो. घरचं राज्य म्हणजे जिथे तुम्ही खरोखर राहता, कर भरता, ज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स तुमच्याकडे आहे ते. तुमच्या बाबतीत कॅन्सस. शिवाय करार अमलात आल्याच्या दिवशी परवाने वाटायला सुरुवात झाली असंही नाही. आधी आयोग बसला (त्याची पहिली बैठक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झाली), मग नियम, मग सगळ्या राज्यांची माहिती एकमेकांना दिसेल अशी यंत्रणा, आणि एफबीआयकडून बोटांच्या ठशांची तपासणी. म्हणून अर्ज करण्याआधी कराराच्या अधिकृत संकेतस्थळावर परवाने कुठवर आले आहेत ते बघा. कुणाच्या सांगण्यावर नोकरीचा राजीनामा किंवा होकार ठरवू नका.

करारात एक बारीक अट आहे आणि ती तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. पदवी ज्या अभ्यासक्रमाची, त्याला मान्यता देणारी संस्था अमेरिकेच्या शिक्षण खात्याने किंवा तिथल्या उच्चशिक्षण मान्यता परिषदेने मानलेली असावी, असं त्यात लिहिलं आहे. कर्वे संस्थेच्या एमएसडब्ल्यूला तशी अमेरिकन मान्यता नाही, आणि ती असण्याचं कारणही नाही. तुम्हाला समकक्षतेचा दाखला मिळू शकतो, त्याबद्दल पुढे लिहिते. पण समकक्षता आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या राज्याच्या परवान्याला समकक्षता पुरू शकते आणि तरीही बहुराज्य परवान्याला ती अडू शकते. म्हणून कॅन्ससच्या बोर्डाला आत्ताच ईमेलने विचारा : 'माझी पदवी भारतातली आहे, समकक्षतेचा दाखला जोडला तर मला कराराखालचा मास्टर्स पातळीचा परवाना मिळू शकेल का?' फोनवर विचारू नका. लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा.

उत्तर 'नाही' आलं तरी मिझुरीचं दार बंद होत नाही. मिझुरीने २०२० साली वेगळा कायदा केला. दुसऱ्या राज्यात त्याच पातळीचा परवाना किमान एक वर्ष असलेल्या माणसाला मिझुरी आपला परवाना देऊ शकतं. म्हणजे कॅन्ससचा एलएमएसडब्ल्यू घेतलात, कॅन्ससच्या बाजूला वर्षभर काम केलंत, की मिझुरीचा दुसरा परवाना मागता येईल. फिया दोन भराव्या लागतील. माझ्या मते तुमच्यासाठी हाच जास्त भरवशाचा रस्ता आहे.

आता परीक्षेचं. इलिनॉयने १ जानेवारी २०२२ पासून एलएसडब्ल्यू या क्लिनिकलच्या खालच्या पातळीसाठी परीक्षेची अट काढली, हे खरं आहे. त्यामागचं कारणही खरं आहे. परीक्षा घेणाऱ्या असोसिएशन ऑफ सोशल वर्क बोर्ड्सने २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच आकडे जाहीर केले. क्लिनिकल परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचं प्रमाण ८४ टक्के होतं, कृष्णवर्णीयांचं ४५ टक्के. इंग्रजी मातृभाषा नसलेलेही मागेच पडत होते. ज्या व्यवसायाने न्यायाच्या गोष्टी सांगायच्या, त्याच्याच दारात असा उंबरठा असावा याचा मला संताप येतो आणि अट काढणाऱ्या राज्यांचं म्हणणं मला पटतं.

तरीही तुम्ही परीक्षा द्या. करारात राष्ट्रीय परीक्षा पास झालेली असण्याची अट आहे. परीक्षेविना मिळालेला परवाना त्या राज्याबाहेर लंगडा ठरतो, आणि तुमच्यासारख्या बदलीच्या घरात तो दोन वर्षांनी पुन्हा अडेल. शिवाय तुम्ही इलिनॉयमध्ये राहत नाही. नुसता परवान्यासाठी तिथला पत्ता दाखवणं म्हणजे पहिल्याच अर्जावर खोटं लिहिणं.

परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी. तुम्हाला विषय अडणार नाही, विचारण्याची पद्धत अडेल. तशा धाटणीचा एक प्रश्न मी करून देते. 'इस्पितळातल्या वृद्ध बाईला कर्करोग झाला आहे. मुलगा म्हणतो, आईला सांगू नका, ती खचेल. सोशल वर्करने सर्वप्रथम काय करावं?' मुंबईच्या वॉर्डात तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. मुलाला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं असतं, घरात आणखी कोण कोण आहे ते विचारलं असतं, थोरल्या सुनेला बोलावलं असतं आणि सगळ्यांच्या कलाने दोन दिवसांत आजींपर्यंत पोचला असता. पर्यायांत हेही असेल, आणि ते चूक ठरेल. अपेक्षित उत्तर असं : आजींना स्वतःच्या आजाराबद्दल काय आणि किती जाणून घ्यायचं आहे, ते आधी आजींनाच विचारा. इथे घराआधी माणूस येतो. 'सर्वप्रथम', 'यानंतर', 'सर्वांत योग्य' असे शब्द प्रश्नात ठळक असतात आणि सगळेच पर्याय थोडेथोडे बरोबर वाटतात. माझ्या देखरेखीखाली क्लिनिकल परवान्याचे तास भरायला येणाऱ्या भारतातल्या मुली हुशार असूनही पहिल्या सरावात इथेच गुण घालवतात. महिनाभर रोज असे प्रश्न सोडवा आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे 'मी कुणाच्या बाजूने विचार केला?' एवढंच लिहा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना काही राज्यांत जादा वेळ मिळतो. ती मागणी परीक्षेची तारीख घेण्याआधी करायची असते, म्हणून तेही बोर्डाला त्याच ईमेलमध्ये विचारा.

राहिली ती 'कागदाचा कपटा' म्हणणारी मैत्रीण. तिचं ऐकू नका. समकक्षतेचा दाखला कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन ही संस्था देते. परदेशी पदव्या तपासणारा तिचा वेगळा विभागच आहे. आपल्याकडचं समाजकार्याचं शिक्षण इथल्या लोकांना अगदी अनोळखीही नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, सुरू झाली ती नागपाड्यात काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने. तिथपासून चालत आलेलं आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, रेकॉर्डिंग (कामाच्या लेखी नोंदी), आयसी, जीसी (मार्गदर्शकाशी एकेकट्याने आणि गटात होणाऱ्या चर्चा) हे सगळं तुम्ही केलेलं आहे. फक्त ते तासांत दाखवावं लागेल. इथे एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास फील्डवर्क लागतं. आपल्या गुणपत्रिकेवर फील्डवर्कचे गुण असतात, तास नसतात, आणि बहुतेकींचं घोडं इथेच अडतं.

म्हणून संस्थेच्या फील्डवर्क समन्वयकांना आजच लिहा. चारही सत्रांत कुठल्या एजन्सीत होता, आठवड्याला किती तास, ब्लॉक प्लेसमेंट (सलग पूर्णवेळ फील्डवर्क) कुठे आणि किती दिवस, देखरेख कोणाची होती, हे सगळं संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागवा. जुनी रेकॉर्डिंगची जर्नल्स आईकडे माळ्यावर असतील तर तारखा पडताळायला ती उपयोगी पडतात. ट्रान्स्क्रिप्ट मात्र विद्यापीठाकडून, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून, सीलबंद किंवा थेट ऑनलाइन जाणारी लागेल. भावाला किंवा बहिणीला अधिकारपत्र देऊन ठेवा, कुणीतरी खिडकीशी उभं राहिल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. दाखला देताना काही विषय कमी भरले असं कळवलं गेलं, तर बोर्डाला विचारून तेवढेच विषय इथल्या विद्यापीठात करता येतात का ते बघा. संपूर्ण एमएसडब्ल्यू पुन्हा करणं हा अगदी शेवटचा उपाय. त्याची फी आणि दोन वर्षं आत्ताच मनाशी धरून बसू नका.

अर्जात 'मूळ देशातला परवाना क्रमांक' असा रकाना आला तर गोंधळू नका. तुमच्या कामासाठी महाराष्ट्रात परवाना नव्हताच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे ती एम.फिल. केलेल्या सायकियाट्रिक सोशल वर्कर्सची. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत मेडिकल सोशल वर्करचं नाव आलं आहे, पण तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तोही नव्हता. तसं स्पष्ट लिहा आणि रुग्णालयाकडून अनुभवाचं पत्र जोडा. पत्रात नुसतं 'समाधानकारक काम केले' नको. जनआरोग्य योजनेचे कागद करणं, धर्मादाय ट्रस्टांकडून शस्त्रक्रियेचे पैसे उभे करणं, बेवारस रुग्णाचं घर शोधणं, डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा, हे नेमक्या शब्दांत यायला हवं. इथल्या इस्पितळात डिस्चार्ज प्लॅनिंग म्हणतात ते बरंचसं हेच, आणि ते तुम्ही शंभर खाटांच्या वॉर्डात केलेलं आहे.

ती आठ वर्षं क्लिनिकल परवान्याच्या तासांत मात्र धरली जात नाहीत. कॅन्सस आणि मिझुरी दोन्हीकडे पदवीनंतरचे ३००० तास देखरेखीखाली भरावे लागतात, किमान दोन वर्षांत, आणि तेही एलएमएसडब्ल्यू हातात आल्यावर. कॅन्ससमध्ये देखरेखीचा आराखडा बोर्डाने आधी मंजूर करावा लागतो. मंजुरीआधी केलेले तास वाया जातात. चांगल्या चांगल्या मुलींचे सहा-सहा महिने असे गेलेले मी पाहिले आहेत. पण हे सगळं नंतरचं. इस्पितळातली बरीच कामं एलएमएसडब्ल्यूवर होतात, आणि करारातही मास्टर्स पातळीचा वेगळा परवाना आहे, त्याला हे ३००० तास लागत नाहीत.

तोवर घरी बसू नका. केस मॅनेजर, पेशंट नॅव्हिगेटर, कम्युनिटी हेल्थ वर्कर या नावांच्या पुष्कळ जागांना परवाना लागत नाही. कॅन्ससच्या बाजूची इस्पितळं, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, ज्येष्ठांची केंद्रं बघा. मराठीबरोबर हिंदी येते हे अर्जात वरच लिहा. हुद्द्यात किंवा लिंक्डइनवर 'सोशल वर्कर' लिहू नका, 'एमएसडब्ल्यू (भारत)' असं शिक्षणाच्या रकान्यात लिहायला हरकत नाही. ईएडीची मुदत नोकरी घेताना दाखवावी लागते, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करा. परवाना असला आणि परमिट संपलं तरी काम थांबतं.

मिझुरीच्या त्या जागेसाठी आत्ता अर्ज करायचा असेल तर करा, पण एचआरला पहिल्याच ईमेलमध्ये लिहा की परवाना प्रक्रियेत आहे आणि त्यांच्याकडे परवाना न लागणारी एखादी जागा आहे का. कॅन्ससच्या बोर्डाचं उत्तर आलं की मला कळवा. त्यातलं काही अडलं तर याच सदरातून पुढचं लिहीन. आणि त्या मुलीला फोन या आठवड्यातच करा.